दादांच्या दोन भुकट्या

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणावर लिहायला घेताना हात अडखळतो. चुकलं तर सांभाळून घ्या. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या संशोधक दादांइतका अधीर माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात झाला नसेल, एवढं ठामपणे लिहितो. ते उभ्याउभ्या जेवत, बस थांबायच्या आत उतरत आणि समोरच्याचं वाक्य स्वतःच पुरं करत. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक कायम खिशात. मेसमध्ये दिसेल त्या भांड्याला लावून बघायचे. "झारा सोड रे बाबा, पिठलं करपून राह्यलं!" मेसवाल्या काकू ओरडायच्या.

अशा माणसानं विषय घेतला चुंबकीय नॅनोकणांचा. लोह आणि कोबाल्टचे तेच क्षार घेऊन ते दोन रीतींनी फेराइटची, म्हणजे चुंबकाला ओढली जाणारी, काळी भुकटी करत. रीत बदलली की कणांचा आकार आणि गुणही बदलतात, हे त्यांना दाखवायचं होतं. एका रीतीत सायट्रिक आम्ल घालून द्रावण आटवायचं, मग ते चिकट होऊन आपोआप पेटतं आणि फुलतं. ही दादांच्या स्वभावाला मानवायची. दुसरीत अल्कली थेंबथेंब सोडून साका पाडायचा, आणि धुताना तो तळाशी बसेपर्यंत थांबायचं. दादा थांबत नसत. घाईनं वरचं पाणी ओतून देत, बेसिन काळं होई आणि सगळ्यात बारीक कण वाहून जात. उरत ते पेटवलेल्या भुकटीसारखे जाडेच.

"दोन्ही भुकट्या सारख्याच निघाल्या तर प्रबंधात लिहिणार काय?" गाईड मॅडम म्हणाल्या. तिकडे दादांच्या वडिलांनी एमआयडीसीतल्या सळयांच्या रोलिंग मिलमध्ये नोकरी ठरवून ठेवलेली.

शेवटच्या खेपेला दादा बीकरखाली चुंबक ठेवून समोर बसले. एक पाय सारखा उडत होता.

"दादा, चहा?"

"बोलू नको. हे बसून राह्यलं."

दुपार सरली, तरी त्यांनी पाणी ओतलं नाही.

नमुने मोजणीला बाहेर गेले. अहवाल येईना, आणि दादा मिलमध्ये रुजू झाले. तो अहवाल परवा आला. मी लगेच फोन लावला.

"आधी सांग, मंग हॅलो कर!"

"दादा, वेगळ्या निघाल्या! साक्याची लई बारीक. चुंबक दूर नेलं की तिचं चुंबकत्व जवळजवळ जातंय. पेटवलेली जाड, ती धरून ठेवती. मॅडम म्हणल्या, प्रबंध होतोय, लिहायला या."

मागे मिलची घरघर चालू होती.

"पुन्हा सांग," दादा म्हणाले. "जल्दी न्हाई मला. सावकाश सांग."