सोनवणेबाईंचे खाते

अण्णा सोनवणे आधी चुकीचा पासवर्ड घालत. आमच्या केळी उत्पादकांच्या संस्थेत नवा संगणक आला, नवा माणूस रुजू झाला किंवा कोणी पासवर्ड बदलला, की संगणकांचे काम पाहणारे अण्णा त्या यंत्रासमोर बसत आणि मुद्दाम खोटे काहीतरी लिहीत. यंत्राने नकार दिला की मान हलवीत. मग पासवर्डाची जागा रिकामी ठेवून पाहत. पुन्हा नकार. त्यानंतर ज्याचे खाते त्याला बसवून, स्वतः पाठ फिरवून, खरा पासवर्ड घालायला सांगत. कार्यालयात त्यांना सगळे 'नकारवाले अण्णा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते.

मी त्या संस्थेचा कार्यालय अधीक्षक होतो. एकदा मी विचारले, "खरा पासवर्ड चालतो एवढे पाहिले तर पुरे नाही का?" ते म्हणाले, "साहेब, जे यंत्र कोणालाही हो म्हणते, त्याच्या हो म्हणण्याला काय अर्थ?" पुन्हा मी तो प्रश्न काढला नाही.

ही पडताळणी चालू असली की खिडकीबाहेर रांग तुंबे. तोलकाट्यावरून आलेल्या माणसाला पावती हवी असे. बहादरपूरचे एक काका दर खेपेला ओरडत, "काय वो अण्णा, मशीनले परीक्षेले बसवलं का? आमची केळी पिकून चालली ना भाऊ!" अण्णा मान वर न करता म्हणत, "काका, पावतीवर नाव चुकीच्या माणसाचं आलं तर उद्या भांडायला कोणाकडे येणार?" काका म्हणत, "तुमच्याकडेच येईन, आणखी कुठं जाऊ?" रांगेत हशा पिके. अण्णा हसत नसत.

पासवर्ड कोणी कोणाला सांगायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. आमच्या कार्यालयातले कारकून पाटील यांनी पासवर्डाची चिठ्ठी यंत्राखाली चिकटवली होती. अण्णांनी ती काढून पाटलांच्या चहाच्या कपात टाकली. चहा अर्धा शिल्लक होता. पाटील आठवडाभर बोलले नाहीत. नंतर नवा पासवर्ड मात्र त्यांनी पाठ केला.

अण्णांची मुलगी सुनंदा आमच्याकडेच तोलपावत्यांची नोंद करी. मुलगी हुशार आणि बोलकी होती. दोघे लोधीपुऱ्यातून एकाच स्कूटरवर येत. फाटकाच्या आत आले की अण्णा तिला 'सोनवणेबाई' म्हणत. तिच्या खात्याची पडताळणीही त्यांनी पाठ फिरवूनच केली होती. पाटील चेष्टा करीत, "अण्णा, घरीसुद्धा सोनवणेबाईच म्हणता का हो?" तीच उत्तर देई, "छे! घरी नुसतं 'ए' म्हणतात. इथेच काय तो मान मिळतो." तेवढ्यापुरते अण्णा कागदात तोंड घालत.

एका उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. आजार उलटला आणि तिला दवाखान्यात ठेवावे लागले. मी भेटायला गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पण शुद्ध होती. ती म्हणाली, "अण्णा, जसोंडी गावच्या पावत्या अर्ध्या राहिल्यात. माझा पासवर्ड सांगते, तुम्ही उघडून भरून टाका."

"पासवर्ड सांगायचा नसतो, सोनवणेबाई," अण्णा म्हणाले. "बऱ्या व्हा आणि स्वतः येऊन भरा."

तिने त्यांची बाही धरून खाली ओढले आणि कानात काहीतरी सांगितले. अण्णांनी बाही सोडवून घेतली. "एवढी वर्षं काय शिकवलं तुला?" असे म्हणून ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मीही त्यांच्यामागे गेलो. आम्ही परत आत आलो तेव्हा तिला ग्लानी आली होती. त्यातून ती पुन्हा बोलली नाही.

तेरावे झाल्यावर अण्णा कामावर आले. जसोंडीच्या पावत्या त्यांनी स्वतःच्या खात्यातून पहिल्यापासून भरल्या. माणूस नोकरीतून गेला की त्याचे खाते त्याच दिवशी बंद करण्याची पद्धत त्यांनीच घातली होती. सुनंदाचे खाते बंद झाले की नाही, हे मी पाहिले नाही. कोणीच पाहिले नाही.

पुढच्या हिवाळ्यात एके दिवशी मी वेळेच्या बराच आधी कार्यालयात पोहोचलो. शिपाई फाटकाशी होता. आतल्या खोलीत दिवा नव्हता, पण कोपऱ्यातला संगणक चालू होता. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत सुनंदाचे नाव होते आणि त्याखाली स्वागताचा शब्द. खुर्ची थोडी मागे सरकवलेली होती. त्या खुर्चीत कोणी नव्हते.

मी दारातच उभा राहिलो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तरी पाऊल आत पडले नाही.

मागून अण्णा आले. हातात पाण्याचा तांब्या होता. मला पाहून ते थबकले, मग शांतपणे पुढे होऊन त्यांनी खाते बंद केले. नाव पडद्यावरून गेले.

"अण्णा, हे काय?"

"पडताळणी, साहेब."

"रोज करता?"

"चालू खात्याची करावी लागते." तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, "आत काही उघडत नाही मी. यंत्र तिला ओळखतं की नाही, एवढंच बघतो. ओळखतं."

मी हे कोणाला सांगितले नाही.

त्यानंतर जोडणीची वर्षे आली. तोवर आमचा प्रत्येक संगणक आपली माणसे स्वतःच ओळखत असे. आता सगळ्या शाखा भोपाळच्या मुख्य कार्यालयाशी जोडायच्या होत्या. माणसाची ओळख तिथून पटणार होती आणि यंत्रांमधली जुनी खाती पुसली जाणार होती. तिकडून आलेला इंजिनियर तरुण होता, नम्र होता. तो म्हणाला, "अण्णाजी, पुराने खाते सब हटेंगे. हटने के बाद आप एक-एक जाँच लीजिए कि कोई खुलता तो नहीं." अण्णांनी होकार दिला.

इंजिनियर गेल्यावर मी अण्णांना बोलावले. म्हटले, "कोपऱ्यातले यंत्र जुने आहे. ते जोडणीतून वगळा असे मी लिहू शकतो. अधीक्षकाला तेवढा अधिकार आहे."

त्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. "नको, साहेब. त्या यंत्रात तोलाच्या नोंदी आहेत. ते एकटं बाहेर राहिलं तर बहादरपूरच्या माणसानं आपली पावती शोधायची कुठं?" आणि मग, दाराकडे वळून, "तुम्ही विचारलंत, एवढं पुरे."

खाती पुसली त्या दुपारी अण्णांनी एकेक यंत्र तपासले. प्रत्येक जुने नाव लिहायचे, ज्याचे खाते त्याच्याकडून जुना पासवर्ड घालून घ्यायचा, यंत्राचा नकार पाहायचा, मोठ्याने 'नाकारले' म्हणायचे. इंजिनियर खूण करी. कोपऱ्यातले यंत्र शेवटी राहिले. तोवर इंजिनियर चहाला गेला होता; मी अण्णांजवळ उभा होतो.

अण्णांनी सुनंदाचे नाव लिहिले, मग पासवर्ड. यंत्राने नकार दिला. त्यांनी पुन्हा लिहिले, एकेक अक्षर बघून. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा लिहिले. मग ते उठले.

"साहेब, तुम्ही बसा," ते म्हणाले. "कदाचित मीच चुकत असेन."

मी बसलो. त्यांनी तो शब्द मला सांगितला. घरगुती, साधा शब्द होता. मी तो नीट लिहिला. यंत्राने नकार दिला.

"म्हणजे मी चुकत नव्हतो," अण्णा म्हणाले. मग त्यांनी स्पष्ट आवाजात 'नाकारले' म्हटले. खोलीत ऐकायला मीच एकटा होतो.

निवृत्तीनंतर अण्णा फार वर्षे जगले नाहीत. मी अंत्ययात्रेला ताप्तीच्या घाटापर्यंत गेलो होतो. तो शब्द आता एकट्या मला ठाऊक आहे. त्याने जगातले काहीही उघडत नाही. तरी मी तो कोणाला सांगितलेला नाही, आणि इथेही लिहीत नाही.

एखाद्या सकाळी वर्तमानपत्र वाचताना माझी बोटे कागदावर त्याच अक्षरांच्या क्रमाने हलू लागतात. मी ती थांबवीत नाही. शब्द पुरा होईपर्यंत वाट पाहतो.