आढीतलं पिल्लू

आंब्याच्या दिवसांत आमच्या घरातली एक खोली माणसांची राहत नाही. तिच्यात भाताचा पेंढा अंथरायचा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, अशी आढी लावायची आणि दार बंद करायचं. आत ऊब धरली की आंबा सगळीकडून सारखा पिकतो. तोवर दार कोणी उघडायचं नाही, हा माझ्या धाकट्या भावाचा नियम. आमच्या देवघरालासुद्धा एवढं सोवळं नाही.

मी बिनलग्नाची. याच घरात जन्मले आणि इथेच राहिले. लोक म्हणतात, भावाकडे असते. भावाकडे नाही, माझ्या घरात असते. वडिलांनी अर्धं घर माझ्या नावावर केलंय आणि आढीची खोली माझ्या अर्ध्यात येते. ती वापरतो भाऊ. त्याबद्दल मी कधी हूं की चूं केलं नव्हतं.

त्या वर्षी वाडीतल्या एका करड्या मांजरीने या खोलीतल्या पेंढ्यात पिल्लं घातली. मांजर सात घरं बदलते म्हणतात, तशी तीही एकेक पिल्लू तोंडात धरून न्यायला लागली. दोन नेली. सगळ्यांना वाटलं, झालं, गेली एकदाची. भावाने आढी लावली आणि दाराला कडी घातली. तिसरं आतच राहिलं.

त्याच संध्याकाळी करडी दाराशी येऊन ओरडायला लागली. भाऊ म्हणाला, बोक्यासाठी ओरडते. भावजय म्हणाली, उंदराचा वास आला असेल. कुठल्या कलमाला कधी मोहोर येणार ते ही माणसं लांबून सांगतील, पण दारात आई रडते ते त्यांना कळत नाही. सकाळी करडी दिसेना. आणि दाराच्या फटीतून मला बारीकसा आवाज आला. मी कडी काढली.

"बाय, कोणी सांगलेला तुका दार उघडूक?" भाऊ अंगणातूनच ओरडला.

"माझ्या कानांनी सांगल्यानी."

तो तरातरा आला आणि माझ्या ओंजळीत बघत राहिला. मिटलेले डोळे, बेंबीशी वाळलेली नाळ, उंदराएवढा जीव.

"हात लावलंस मां? आता आवस काय तेका जवळ घेवची नाय. ठेव थंय माडाखाली. जगाचा नाय ता."

"कोण जगता नि कोण नाय, ता तू ठरवू नको," मी म्हटलं.

दुपारपर्यंत पिल्लू दाराशी टोपलीत ठेवलं, करडी येईल म्हणून. मी शेजाऱ्यांची लाकडांची खोपटी पाहिली, पोफळींत हिंडले, माळ्यावर चढले. ती कुठल्या घरी गेली होती, देव जाणे. मग मीच पदर खोचला.

सुरुवातीला माझं सगळं चुकलं. तान्ह्या पोराला घेतात तसं पिल्लाला उताणं धरलं, तर दूध नाकातून आलं. घरच्या गायीचं दूध त्याला बाधलं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, पालथं धरा, बारीक सिरिंजने थेंब थेंब द्या, पिल्लांची दुधाची पावडर मिळेपर्यंत शेळीचं चालवा. आणि पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने खालून पुसा, आई चाटते तसं, नाहीतर ते मुतणार नाही. मी पुसलं. आणि ते मुतलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन ओरडून सांगितलं. भावजय भाकरी थापत होती. "वन्सं, माणसां जेवतत हयसर," एवढंच म्हणाली.

वाडीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. हिला पोर नाही ना, म्हणून हिचं हे चाललंय. मी त्या बोलण्याला भीक घातली नाही. मला पोर नको होतं. मला ते मांजराचं पिल्लू जगायला हवं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ज्यांना त्या वेगळ्या दिसत नाहीत त्यांनी आपले डोळे तपासून घ्यावेत.

मग एके दुपारी ते गार पडलं. सिरिंज तोंडाला लावली तर ओठ हलेनात. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी होती, पण बाटलीची ऊब एकाच अंगाला लागते आणि लगेच निवते. भावजय माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, सोडा आता." तिला खरंच वाईट वाटत होतं. पण सोडायचं काय? अजून श्वास चालू होता.

घरात चहूबाजूंनी ऊब देणारी जागा एकच होती. मी उठले आणि भावाच्या डोळ्यांदेखत आढीची कडी पुन्हा काढली.

"बाय! आंबे नासतले!"

"नासांदेत!"

मी पेंढ्यात बसले. पिल्लाला पोलक्यात घेतलं, अंगावर आंब्यावरचा पेंढा ओढला. आढी तापलेली होती, पाठीला चुलीजवळ बसल्यासारखं वाटत होतं. भाऊ दारात उभा राहून बडबडत होता आणि मी बोटाने त्या एवढ्याशा पाठीवर चोळत होते. त्याची बडबड संपली तरी मी चोळतच होते. मला भीती वाटत होती, अतोनात. उन्हं कलली तेव्हा माझ्या छातीवर काहीतरी टोचलं. त्याची नखं. ते दूध शोधत होतं.

ती आढी बिघडली, खोटं कशाला सांगू. बरेच आंबे एका अंगाने पिवळे, एका अंगाने हिरवे राहिले. भावाने त्याचं खापर वर्षभर माझ्या डोक्यावर फोडलं. पिल्लू डोळे उघडून चालायला लागलं तेव्हा करडी एकदा पडवीत आली. मी पिल्लू तिच्यापुढे ठेवलं. तिने हुंगलं आणि निघून गेली.

"सांगलेलंय मां मी?" भाऊ म्हणाला.

सांगितलं होतंस. बरं मग?

पुढच्या वर्षी भाऊ आंब्यांचे क्रेट घेऊन खोलीशी आला, तर मी उंबऱ्यावर बसलेली. आत पेंढ्यात गेल्या वर्षीचं ते पिल्लू, आता माझी मांजरी, आडवी झाली होती, पोटाशी चार पिल्लं.

"उठ गो बाय. आढी लावूची आसा."

"आत बाळंतीण आसा. खोली माझी. दार बंद होवचा नाय."

"मगे आंबे खंय ठेवू? माझ्या डोक्यार?"

"तुझ्या खोलीत. पेंढो मी हाडून देतंय."

तो मला भरपूर बोलला. मग क्रेट खाली ठेवले, आपल्या खोलीत गेला, आणि स्वतःच्या हातांनी आपली गादी गुंडाळून पडवीत आणून टाकली.

मांजर सात घरं बदलते म्हणतात. माझ्या मांजरीने एकही बदललं नाही.