द्वादशीची तपासणी आणि कारल्याचा रस

वडिलांच्या डाव्या पायाचा अंगठा मार्गशीर्षात कापावा लागला. मधुमेह जुना होता. गोळ्या त्यांनी आषाढात सोडल्या होत्या.

रस त्याआधी, उन्हाळ्यात सुरू झाला. आमच्या हिंदीभाषक शहरात गोरखी या जुन्या राजवाड्याकडे सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक निवृत्त बँक अधिकारी होते. वडील त्यांना भाईसाहब म्हणत. कारल्यातली द्रव्यं शरीरात इन्सुलिनसारखं काम करतात, हे ते मोबाइलवरून सगळ्यांना वाचून दाखवत. आई पाटणकर बाजारातून कारली आणू लागली. वडील रोज पेलाभर रस प्यायचे. तेव्हा गोळ्याही चालू होत्या.

आषाढी एकादशीला ते निर्जळी उपास करतात. डॉक्टरांनी मना केलं तरी करतात. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, म्हणून त्यांनी तपासणी द्वादशीच्या सकाळी, पारण्याआधी ठेवली. उपास घडतोच आहे, तर तो वाया का घालवा, असं त्यांचं म्हणणं. आईलाही ते पटलं. आदल्या दिवसापासून पोटात पाणीही नसलेल्या माणसाची साखर उतरलेलीच आली. श्रेय रसाला मिळालं.

मी वर्तमानपत्रात काम करतो. एका आकड्यावर जाऊ नका, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करा, असं मी सुचवलं.

‘तू पेपरवाला,’ वडील म्हणाले. ‘चांगली बातमी तुला पचायचीच नाही. भाईसाहबांची शुगर गेलीच ना?’

भाईसाहब रसाबरोबर दोन्ही वेळा इन्सुलिन घेत होते. हे पुढे त्यांच्या सुनेकडून कळलं. त्यांनी लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

दिवाळीत वडिलांना नवा बूट चावला. त्यांना ते जाणवलं नाही. मोज्याला पू लागलेला आईनं पाहिला, तोवर अंगठा काळा पडला होता.

रुग्णालयात डॉक्टरांनी औषधांची चौकशी केली. वडिलांनी रसाचं सांगितलं. कारल्यानं साखर थोडी उतरते, हे डॉक्टरांनी नाकारलं नाही.

‘सब्ज़ी है, बाबूजी, खाइए,’ ते म्हणाले. ‘गोली किसने छुड़वाई?’

वडिलांनी आईकडे बोट केलं.

‘रस हीच काढून द्यायची,’ ते मराठीत म्हणाले.

डॉक्टरांना मराठी येत नव्हती. आईनं त्याचं हिंदी केलं नाही.

अंगठ्याची जखम भरली नाही. मंगळवारी त्याच पायाचं दुसरं बोट काढलं.