शब्द बदलायचा नाही

"लेफ्ट बॅक, पुढं सरक! पुढं! तिथं काय झोपडी बांधतोयस?"

ओरडणारा मी. वाघोलीच्या आमच्या कॉलेजच्या फुटबॉल मैदानावरून मी ओरडलो, की खराडीतल्या आयटी पार्कात आठव्या मजल्यावर मीटिंगला बसलेली माणसं उगीचच खुर्ची पुढं सरकवतात. एकानं तर घाबरून राजीनामा दिला म्हणे. पुरावा मागू नका.

पण ओरडलेलं वाक्य माझं नसायचं. आमच्या संघाची ती रीत होती. मुख्य प्रशिक्षक, म्हणजे आमचे सर, सदाशिव पेठेतले. आवाज चढवणं त्यांना शर्ट न घालता बाहेर पडण्यासारखं वाटायचं. ते बाकावर बसून खेळ बघायचे. काही सांगायचं झालं की मी वाकून कान पुढं करायचा, ते एक वाक्य बोलणार, आणि मी सरळ उभा राहून ते मैदानावर फेकायचं. "बघणारा वेगळा आणि ओरडणारा वेगळा," ते म्हणायचे. "ओरडणाऱ्याला दिसत नाही." दुसरा नियम, शब्द बदलायचा नाही. आता माझी जीभ अशी, की मीठ घाल म्हटलं तर मुरांबा घालते. एका स्ट्रायकरला मी 'वरातीतल्या घोड्यासारखा काय चालतोयस' असं सुनावलं होतं. सामना संपल्यावर सर बुटाची नाडी सोडत एवढंच म्हणाले, "घोडा माझा नव्हता."

सहायक प्रशिक्षक कसं होतात, असं पोरं मला विचारतात. मी याच कॉलेजकडून खेळायचो. माझा गुडघा कसा गेला याच्या माझ्याकडे बऱ्याच गोष्टी आहेत, एकीत तर तीन बचावपटू माझ्यावर एकदम कोसळतात. खरी गोष्ट सगळ्यांत फालतू आहे. सरावाला पळताना मैदानातल्या खड्ड्यात पाय गेला. सर दवाखान्यात आले, प्लास्टरकडे बघत बराच वेळ बसले आणि उठताना म्हणाले, "पाय गेला. गळा आहे ना? हिंडायला लागलास की सकाळी ये." झाली मुलाखत. तेव्हापासून बॉलमध्ये हवा भरायची, फक्कीनं रेषा मारायच्या, भांडणं सोडवायची आणि सरांचा आवाज व्हायचं. वडील पाहुण्यांना सांगायचे, "फुटबॉलच्या मास्तराच्या हाताखाली हाय." पाहुणे हमखास विचारायचे, "मग मास्तर कधी व्हायचा?" वडील माझ्याकडे बघायचे. मी चहा आणायला आत जायचो.

मग सरांच्या गळ्यात गाठ निघाली, आणि ती वाईट निघाली. ऑपरेशननंतर परत आले ते मफलर गुंडाळून. आवाज उरला तो वाळल्या पानावर पाय पडावा एवढाच. कान अगदी ओठांना लावला तर कळायचा. पोरांना काही फरक जाणवला नाही. त्यांनी आजवर मलाच तर ऐकलं होतं.

फरक जाणवला तो प्राचार्यांना. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सरांबद्दल मला आदरच आहे. पण न बोलणारा कोच मॅनेजमेंटला कसा दाखवायचा? शुक्रवारी मॅचला मी स्वतः येतो. सर चालवू शकतात का बघतो, नाहीतर... तुम्ही तयारीत राहा."

घरी बायकोला सांगितलं. ती पोळी उलटत होती. म्हणाली, "आणि सर?"

मी पाणी प्यायलो.

शुक्रवारी प्राचार्य आमच्या बाकाशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. खेळ सुरू झाला, आमचा लेफ्ट बॅक नेहमीसारखा मागं मागं जायला लागला. मी वाकलो. कानाशी ज्येष्ठमधाचा वास आला, शब्द आला नाही. थोड्या वेळानं पुन्हा वाकलो. नुसता श्वास. सर मैदानाकडे बघतच नव्हते. मफलरचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

प्राचार्य आमच्याकडे बघत होते.

मला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, आणि संध्याकाळी वडिलांना फोन लावायचा होता. जन्मात एकदा गप्प बसून माझं भलं होणार होतं.

मी मान डोलावली, "बरं सर," म्हणालो, सरळ उभा राहिलो आणि लेफ्ट बॅकवर ओरडलो. झोपडीसकट.

मग सगळा सामना तसाच. वाकायचं, मान डोलवायची, ओरडायचं. मध्येच एकदा तर मी वाद घातला. "नाही सर, त्याला आत्ताच काढायला नको," असं प्राचार्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणालो. जरा थांबलो. "ठीक आहे, आपण म्हणता तर," म्हणालो आणि विंगर बदलला. त्या नव्या पोरानंच गोल मारला. गावात ही गोष्ट सांगताना मी चार गोल सांगतो, त्यातला एक मध्यरेषेवरून. झाला एकच, तोही गोलकीपरच्या पायांतून रडतखडत. पण जिंकलो.

शिट्टी झाली तसे प्राचार्य हात जोडून सरांसमोर आले. "मानलं, सर. आवाज गेला, पण डोकं शाबूत आहे. पुढच्या वर्षीही आपणच. काय म्हणता?"

सरांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकलो. या वेळी शब्द आले, सगळे स्पष्ट. मी सरळ झालो. सरांकडे न बघता प्राचार्यांकडे वळलो.

"सर म्हणतात," मी म्हणालो, "आभारी आहे."

सरांनी माझी बाही धरून मला बाजूला केलं. बाकाला हात टेकत उठले आणि प्राचार्यांच्या कानाशी गेले. मी शेजारीच होतो.

"आभार माझे नाहीत," ते म्हणाले. "आज मी एक शब्द बोललो नाही. सामना त्याचा होता."