भुलाबाईच्या गाण्याची लय

एम.एस्सी.च्या सुट्टीत मी सौसरला घरी आले होते. रोज संध्याकाळी आमच्या अंगणात गल्लीतल्या मुली माहेरी आलेल्या पार्वतीची, म्हणजे भुलाबाईची, गाणी म्हणत. शेजारी माहेरपणाला आलेली एक बाईही त्यांच्यात येऊन बसे. तिचे नाव मी कधी विचारले नाही. सासुरवाशिणीचे शेवटचे गाणे ती इतके लांबवी की मुली वैतागत.

"मावशी, लवकर म्हण न वं! खिरापत कधी भेटीन?"

मी पेटीवर तिची पट्टी तपासली. ती मुलींचीच होती. लय तेवढी निम्मी. केवळ तेवढ्याने खेळकर गाणे रडवे कसे होते, हे मला कळेना. मी तिलाच विचारले.

हातातली बांगडी फिरवत ती म्हणाली, "भुलाबाई गेली का मलेही न्याले येतात, बाई. घाई कायची करू?"

कोजागिरीला, भुलाबाईच्या निरोपाच्या दिवशी, तिचा नवरा फाटकाशी येऊन उभा राहिला. त्या संध्याकाळी तिने तेच गाणे मुलींच्याही दुप्पट लयीत म्हटले. मुली धापा टाकत हसल्या, "आज मावशी खुश हाय!"

पट्टी तीच होती. मला तो आनंद वाटला नाही. पण तो आनंद नव्हता, हेही मला सिद्ध करता आले नाही.