माझं मजबूत घड्याळ आणि अमळनेरचा भोंगा

चहा आधी खाली ठेवा. नाही, ठेवाच! मागे एकदा हे ऐकताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता, आणि दोष मला मिळाला. माणसानं आयुष्यात एकदा तरी चारचौघांत नाक कापून घ्यावं. मी ते होणाऱ्या सासऱ्यांच्या घरात, स्टुलावर उभं राहून कापून घेतलं!

बेचाळीस साल, लढाईचे दिवस होते. मी तेव्हा सरकारी लस टोचणारा. खेड्यातले लोक प्रेमानं डॉक्टर म्हणायचे आणि मी प्रेमानं ते ऐकून घ्यायचो. फिरतीची नोकरी. कधी बैलगाडी, कधी पायी, कधी कमरेएवढ्या पाण्यातून. आणि कामात घड्याळ हवंच. सुया उकळायच्या त्या मोजून, नाडी बघायची ती मोजून.

माझ्याकडे खिशातलं एक घड्याळ होतं. ते एका नाल्यात वाकलो तेव्हा साखळीसकट निघून गेलं. तेवढ्यात हुकूम आला, सातपुड्यात पटकीची साथ आहे, पावसाळाभर तिकडेच राहा. म्हटलं, आता घ्यायचं तर मनगटाचं घ्यायचं. आणि असं घ्यायचं की मी मोडलो तरी ते मोडता कामा नये!

जळगावला गेलो. बरोबर वडील, आमचे नाना. भडगावजवळच्या आमच्या गावाबाहेर ते फारसे पडत नसत, पण खरेदी म्हटली की हजर. जन्मभर बैल पारखलेला माणूस, त्यांना वाटे पारखण्याची विद्या सगळीकडे एकच!

दुकान हस्तीमलजींचं. शेठ मूळचे मारवाडचे, डोळ्याला भिंग लावून बसलेले. त्यांनी आधी एक पातळ, सोनेरी घड्याळ काढलं.

"हे बघा साहेब, काय नाजूक आहे!"

"नाजूक नको शेठ. मला जंगलात जायचंय."

"मग हे चौकोनी घ्या. आजकाल फॅशन आहे."

"पाण्यात पडलं तर?"

"साहेब, घड्याळ पाण्यात कशाला पाडता?"

"मी पाडत नाही, मीच पडतो!"

शेठनी भिंग काढलं, मला नीट न्याहाळलं आणि कपाटाच्या तळातून एक धूड बाहेर काढलं. जाड पोलादी डबी, काचेवर लोखंडी जाळी, ठसठशीत आकडे, सेकंदकाटा वेगळा. चामड्याचा पट्टा असा रुंद की घड्याळाला घामसुद्धा लागू नये. मागचं झाकण आट्याचं, घट्ट फिरवून बसवलेलं.

"मागच्या लढाईतल्या एका शिपायाचं आहे," शेठ म्हणाले. "फ्रान्सच्या चिखलात राहून आलंय. तुमच्या जंगलाला काय भिणार?"

नानांनी ते हातात घेतलं. तळहातावर तोललं. कानाला लावलं. मग उलटं केलं आणि शेठना आपल्या अहिराणीत म्हणाले, "याना दात दखाडा बरं."

"दात?" शेठ माझ्याकडे बघू लागले. मी जमिनीकडे.

पण शेठही भला माणूस. त्यांनी झाकण फिरवून उघडलं. आत बारीक बारीक दातेरी चाकं लुकलुकत होती. नाना वाकून बघत राहिले आणि एकदम खूश झाले. "बठ्ठा दात चांगला शेतस! तरनं शे! घी टाक!"

म्हणजे सगळे दात चांगले आहेत, तरुण आहे, घेऊन टाक! झालं. घड्याळाची खरेदी दात बघून झाली.

निघताना शेठनी बजावलं, "रोज सकाळी चावी द्यायची. काटे उगीच फिरवायचे नाहीत. हे घड्याळ चुकणार नाही साहेब, चुकलं तर तुम्ही चुकाल."

हसून सोडून दिलं मी. कसा माणूस असतो बघा!

सातपुड्यात त्या घड्याळानं काय नाही सोसलं! मी झाडावरून पडलो, ते माझ्याखाली आलं. एका बकरीनं पट्ट्याचं टोक खाल्लं. एकदा तर बैलाचा पाय त्याच्यावर पडला. बैल दचकला, घड्याळ नाही! नाल्यांना पूर आलेले, खालच्या जगाशी संबंध तुटलेला, वर्तमानपत्र नाही की माणूस नाही. पण बारा वाजले की सूर्य बरोब्बर डोक्यावर. दोन महिन्यांत माझा त्या घड्याळावर असा विश्वास बसला की काय सांगावं! बसणारच. त्याच्याशी वाद घालायला त्या डोंगरात दुसरं घड्याळ होतंच कुठे?

पूर ओसरला आणि एक वनरक्षक नानांचं पत्र घेऊन वर आला. गावच्या मास्तरांकडून लिहवलेलं. अमळनेरला मुलगी बघायची आहे. तू तिकडून परस्पर ये. गुरुवारी दुपारी चार वाजता. आणि खाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, मंडळी वेळेची फार कडक आहेत.

मी मनात म्हटलं, वेळेची कडक? अहो, मग जावई घड्याळासकट येतोय!

गुरुवारी सकाळी शिरपूरला कोळशावर चालणारी मोटार पकडली. ती भरली की सुटायची आणि तापली की थांबायची, वेळापत्रक वगैरे तिला ठाऊक नव्हतं. धुळ्याला एका हॉटेलात चहा घेतला. समोर भिंतीवरच्या घड्याळात एक वाजलेला. माझ्यात बारा.

"शेठ, तुमचं घड्याळ तासभर पुढे आहे."

"बरोबर आहे ते," मालक भजी तळता तळता म्हणाला.

मला त्याची दया आली. म्हटलं, जाऊ दे, भजी करणाऱ्याला वेळेचं काय!

अमळनेरला पोचलो तेव्हा हाताशी दहा मिनिटं होती. ती मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून काढली. होय, मुद्दाम! चार म्हणजे चार! सेकंदकाट्यावर नजर ठेवून मी उंबऱ्यात पाऊल टाकलं, आणि आतल्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळानं टोले द्यायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. मी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघितलं.

पाच!

मला वाटलं, घड्याळ बिघडलं.

मुलीचे वडील भास्करराव उभे राहिले. काळा कोट, पांढऱ्या मिशा, आवाज मऊ. "या, या रामदासराव. जरा उशीर झाला म्हणून काळजी वाटत होती."

नाना कोपऱ्यात लोडाला टेकून बसले होते. ते आदल्या दिवशीच येऊन एका नातेवाइकाकडे उतरले होते. त्यांचा चेहरा म्हणत होता, लाज आणलीस!

"उशीर?" मी बाही वर सारली. "बरोब्बर चारला आलोय मी. तुमचं घड्याळ तासभर पुढे आहे."

भास्करराव थबकले. माझ्या चेहऱ्याकडे बघत हळूच म्हणाले, "म्हणजे... तुम्ही हा टाइम मानत नाही?"

"मुळीच नाही!"

"सरकारी नोकरीत असून?"

"नोकरीचा काय संबंध? जे खोटं ते खोटं!"

भास्कररावांनी जाऊन खिडकी लावून घेतली. मला वाटलं, ऊन लागत असेल.

नानांना आता जोर चढला. घड्याळाचे दात त्यांनी स्वतः बघितले होते ना! ते ताठ बसत म्हणाले, "मना पोऱ्यानं घड्याय खोटं नही बोलस!"

"नाना, जरा हळू," भास्करराव कळवळून म्हणाले. "पलीकडे फौजदार राहतात."

"झोपलेत का?" मी विचारलं. "उठवा त्यांना. त्यांचंही घड्याळ बघून टाकू!"

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. मुलीच्या आई उभ्या होत्या, आणि काय आश्चर्य, त्यांच्या डोळ्यांत पाणी! त्यांनी स्वतः येऊन माझ्या ताटलीत लाडू वाढला. मी एक खाल्ला, तर दुसरा वाढला. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता. मला वाटलं, वेळेवर येणाऱ्या माणसाची या घरात केवढी किंमत आहे!

आणि मान मिळाला की माझ्यासारख्याचं काय होतं, ठाऊक आहे ना? मी स्टूल ओढलं.

"थांबा, मी लावून देतो तुमचं घड्याळ."

"अहो नको, नको..." भास्करराव पुढे झाले. पण मुलीचा बाप नवऱ्या मुलाचा हात कसा धरणार? मी स्टुलावर चढलो, काच उघडली आणि मोठा काटा उलटा फिरवला, पूर्ण एक फेरा. आतून 'खर्र' असा आवाज आला आणि लंबक थांबला.

"जुनं झालंय," मी वरूनच निदान केलं.

भास्कररावांनी कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन बाहेर आली. सुमन तिचं नाव. मी स्टुलावर, ती खाली कपबश्या घेऊन. अशी आमची पहिली नजरभेट! मी घाईनं उतरलो आणि रुबाबात बसलो. पहिला घोट घेतला, आणि गिरणीचा भोंगा झाला.

तुम्ही अमळनेरच्या गिरणीचा भोंगा ऐकलाय का? चार कोसांवर बैल कान टवकारतात.

"साडेपाचची पाळी सुटली," भास्करराव पुटपुटले.

मी मनगटाकडे बघितलं. साडेचार! आता मात्र माझा संयम सुटला.

"म्हणजे गिरणीसुद्धा तासभर पुढे? अहो, हजार माणसं त्या भोंग्यावर चालतात! तिथे टाइम बघायला बसवलाय तरी कोणत्या गाढवाला?"

मी कप बशीत ठणकन आदळला.

भास्करराव मान खाली घालून म्हणाले, "मलाच."

"काय?"

"गिरणीचा टाइमकीपर मीच. अठरा वर्षं झाली. आज रजेवर आहे, भोंगा हाताखालच्या माणसानं दिला. पण सकाळी घड्याळ मीच लावून दिलं होतं." मग भिंतीकडे बघत ते आणखी हळू म्हणाले, "ते तुम्ही आत्ता थांबवलंत ना, ते गिरणीनं मला बक्षीस दिलेलं आहे."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण धरणी तरी काय करील? मी दोन लाडू खाऊन जड झालो होतो!

आणि मग सुमननं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तुम्ही जंगलात किती दिवस होतात?"

"दोन महिने."

"तिथे वर्तमानपत्र येत होतं?"

"नाही."

"मग तुम्हाला ठाऊकच नसेल." तिनं ओठ दाबून धरले होते. "लढाईसाठी सरकारनं सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे करायला लावलीत. महिना होत आला. त्याला नवा टाइम म्हणतात."

भास्करराव माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे... तुम्ही सरकारचा टाइम झुगारलेला नाही?"

"मी? छे!"

"मग ते 'मुळीच मानत नाही', 'फौजदाराला उठवा' वगैरे?"

"मला वाटलं, तुमचं घड्याळ बिघडलंय."

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवसांत गावोगाव धरपकड चालू होती, किती तरी तरुण पोरं तुरुंगात होती. या मंडळींना वाटलं होतं की सरकारी नोकरीत राहून इंग्रजांचा टाइम लाथाडणारा कोणी बहाद्दर त्यांच्या घरी आलाय! खिडकी उन्हासाठी लावली नव्हती. आईंच्या डोळ्यांतलं पाणी वेळेवर येण्यासाठी नव्हतं.

त्या बिचाऱ्या तिसरा लाडू घेऊन आल्या होत्या. लाडू माझ्या ताटलीच्या वर, हवेतच थांबला. क्षणभर विचार करून त्यांनी तो नानांच्या ताटलीत ठेवला.

नाना अजून हरले नव्हते. लाडू हातात घेऊन त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मंग हाई सूर्यले कोन्ही सांगं का?"

हे सूर्याला कोणी कळवलं का म्हणे! आणि तिथे भास्करराव फुटले. कडक माणूस, पण असे हसले, असे हसले की मिशांत चहा गेला. सुमन तोंडाला पदर लावून आत पळाली. आतून कपबश्या खळखळल्या की ती हसली, कोण जाणे!

मी भास्कररावांच्या पायाला हात लावून माफी मागितली. शेठच्या दुकानात झाकणामागचे दात बघितले, जाळी बघितली, पट्टा बघितला. घड्याळ शंभर टक्के खरं निघालं. फक्त ते ज्याच्या मनगटावर होतं, त्याचे दात कोणी तपासले नव्हते.

परतीच्या वाटेवर मी समजून चुकलो, हे स्थळ गेलं. मनाला लागलं हो! कारण तेवढ्यातल्या तेवढ्यात ती दाबून धरलेल्या ओठांची मुलगी मला फार आवडून गेली होती. मी पुन्हा डोंगरात गेलो, सुया उकळत बसलो, आणि मिनिटं मोजताना दर वेळी त्या 'खर्र'ची आठवण येऊन कान तापायचे.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मुलीला मुलगा पसंत आहे!

मी ते पत्र तीनदा वाचलं. मग दुसऱ्या कोणाचं तर नाही ना, म्हणून पत्ता वाचला.

लग्न झालं, संसार झाला. विचारायचं धाडस मात्र मला पुष्कळ वर्षं झालं नाही. एकदा अशाच चहाच्या वेळी विचारलं, "काय गं, त्या दिवशी मी देशभक्त नाही हे कळलं, वर तुझ्या बाबांना गाढव म्हटलं, बक्षिसाचं घड्याळ मोडलं. तरी तू हो कशी म्हणालीस?"

ती गाळणी झटकत म्हणाली, "आमच्या घरात जन्मभर बरोबर असणारा एक माणूस होता. मला दुसरा नको होता. तुमच्याकडे बघितलं, आणि खात्री पटली."