तळ्यावरचे गजभियेजी

गजभियेजी कुणाच्याही शेतावर आले की चहाआधी माती मागायचे. “चहा नंतर पिऊ, भाऊ. आधी माती दाखवा,” म्हणत सायकलला अडकवलेल्या पिशवीतून खुरपी काढायचे. दुर्गच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते आणि हुडको वसाहतीत आमच्या शेजारी राहत. मी कारखान्यात कारकून. रिसालीच्या पुढे, तळ्याच्या वरच्या अंगाला मी थोडी जमीन घेतली होती आणि हौसेनं फुलकोबी लावत होतो. दर हंगामात डीएपी खताच्या गोण्या रिकाम्या करायचो. गड्डे परातीएवढे यायचे.

माझ्या मातीचा अहवाल द्यायला ते स्वतःच आले. “तुमची माती उपाशी नाही, तिले अजीर्ण झालं आहे. डीएपीतला स्फुरद इतका साचला की किती पिकं घेतली तरी सरत नाही. अन् तुमी वरून अजून कोंबून राहिले. कावून?”

“पीक तर बघा की,” मी म्हणालो.

“पीक खोटं बोलते, भाऊ. माती नाही बोलत.”

“जास्तीचं खत मातीतच राहील ना? जाईल कुठं?”

“पावसात माती वाहते का नाही? तिच्या कणाले चिकटून स्फुरदही जाते. खाली तळं आहे. तिथं शेवाळ माजते, मग सडते, अन् पाण्यातली हवा खाऊन टाकते.”

मी हसलो. त्या हंगामातही गोण्या टाकल्या. गजभियेजी मात्र दर रविवारी तळ्यावर जाऊन बाटल्यांत पाणी भरून आणू लागले.

तिसऱ्या वर्षी भादव्यात पाऊस थांबला, उकाडा वाढला आणि तळ्यावर रंग सांडल्यासारखा हिरवा थर आला. एका सकाळी सगळी मासळी उलटी तरंगत होती. ते पाणी प्यालेली एक म्हैस काठावरच मरून पडली होती. तळ्यातल्या मासळीचा ठेका ढेलू केवटाकडे होता. आरडाओरडा ऐकून मी शेतातून खाली उतरलो, तेव्हा गजभियेजी हात पसरून गुरांना पाण्यापासून हाकलत होते. कुणीतरी ओरडलं, “एही मनखे ह बोतल डुबोवत रिहिस!” हाच माणूस पाण्यात बाटली बुडवत होता.

पुढचं फार लवकर घडलं. त्यांच्या बाटल्या फोडल्या गेल्या. चष्मा पायाखाली गेला. ढेलूनं त्यांना त्या हिरव्या पाण्यात ढकललं. कुणीतरी त्यांची जात विचारली आणि दुसऱ्यानं सांगितली. माझ्या बांधाची नाली माझ्या पायाशीच तळ्यात उतरत होती. गजभियेजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत उभा राहिलो.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. कपाळाला पट्टी होती. वहिनी मला पाहून आत निघून गेल्या.

“माझं नाव का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“पाण्याले हात लावला म्हणून आमच्या माणसाईनं याआधीबी मार खाल्ला आहे. मले त्याचं नवल नाही.” त्यांनी कपाळावरची पट्टी नीट केली. “अन् तुमचं नाव मी कावून सांगू? ते सांगणं तुमचं होतं, भाऊ.”

दोन महिन्यांत त्यांनी बदली मागून घेतली. निघताना एवढंच म्हणाले, “खत आज बंद करा. तळ्याले लगेच फरक पडणार नाही. साचलेलं आहे ते, उतराले वर्षं लागतील.”

मी खत बंद केलं. काही वर्षांनी त्यांच्या गावाहून, भंडाऱ्याहून पत्र आलं, गजभियेजी गेले. पत्र खिशात घालून मी तळ्यावर गेलो. ढेलू जाळं विणत बसला होता. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं: गोण्या, नाली, तो अहवाल, त्या माणसाचा काही दोष नव्हता हे.

ढेलूचे हात थांबले. तळं त्याही वर्षी हिरवंच होतं.

“अब बतावत हस, बाबू?” तो म्हणाला. आता सांगतोस?